सात मकबऱ्यांची वर्गणी

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आपण हैदराबादकर त्यांना चारमिनार दाखवतो, सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळाचे ठोके ऐकवतो, गोवळकोंड्याच्या दारात टाळी वाजवतो आणि ती वर बालाहिसारपर्यंत कशी ऐकू जाते ते सांगतो. तोवर ऊन चढलेले असते, मुलांना भूक लागलेली असते आणि गाडी घराकडे वळते. किल्ल्याच्या उत्तरेला, बंजारा दरवाजाच्या बाहेर जेमतेम किलोमीटरभरावर दिसणारे मोठाले घुमट ‘पुढच्या वेळी पाहू’ या यादीत जातात. रिक्षावाले त्या जागेला ‘सेव्हन टूम्ब्स’ म्हणतात. खरे तर तिथे सातच मकबरे नाहीत. सुमारे १०६ एकरांच्या त्या आवारात लहानमोठ्या जवळजवळ शंभर वास्तू आहेत. त्यांत चाळीसेक मकबरे, तेवीस मशिदी, पायऱ्यांच्या विहिरी, एक हमाम, मंडप आणि बागेच्या भिंती असे सगळे आले.

गेल्या दहा-बारा वर्षांत या आवारात जे काम झाले, त्याची हकिकत मराठीत फारशी कोणी लिहिलेली नाही. आपल्या मंडळात दरवर्षी वर्गणी गोळा होते, जमाखर्च मांडला जातो आणि मखर उभारायचे कोणी यावर वाद होतात. त्यामुळे एवढ्या मोठ्या कामाचा खर्च कोणी आणि कसा उचलला, हे समजून घ्यायला आपल्याला अडचण पडू नये.

आधी तिथे कोण निजले आहे ते पाहू. बहमनी राज्य मोडकळीला आले तेव्हा तेलंगणचा कारभार सांभाळणारा सुलतान कुली हा मूळचा इराणातल्या हमदानचा. १५१८ पासून त्याची सत्ता मोजतात. लोक त्याला ‘बडे मलिक’ म्हणत. त्याने आपला मकबरा हयातीतच बांधून ठेवला होता. १५४३ मध्ये नमाज पढत असताना त्याचा खून झाला, तोही मुलाच्या, जमशेदच्या, सांगण्यावरून. हा जमशेदही तिथेच आहे. त्याची दुमजली अष्टकोनी इमारत बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. तिच्यावर शिलालेख नाही. बापाचा खून करणाऱ्याच्या कबरीवर लेख कोरायला कोणी पुढे आले नसेल, असे आपल्या मनात येते. पण तो आपला तर्क, इतिहास नव्हे. जमशेदचा लहानगा मुलगा सुभान, ज्याला ‘छोटे मलिक’ म्हणत, आजोबांच्या आणि वडिलांच्या मकबऱ्यांच्या मध्ये आहे. मग इब्राहिम. त्याच्या मकबऱ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर रंगीत फरशांचे तुकडे अजून दिसतात. एकेकाळी हे सगळे घुमट नुसते करड्या चुन्याचे नव्हते, याचा हा पुरावा.

१५९१ मध्ये हैदराबाद वसवणारा महंमद कुली याचा मकबरा सगळ्यांत भव्य, सुमारे ४२ मीटर उंच. खाली तळघरात खरी कबर आणि वर लोकांनी पाहायची कबर, अशी तिथली रचना. त्याची मुलगी हयात बक्षी बेगम. शहराच्या पूर्वेचे हयातनगर तिच्या नावाचे. एका सुलतानाची मुलगी, दुसऱ्याची पत्नी आणि तिसऱ्याची आई असलेली ही बाई १६६७ मध्ये वारली. तिच्या मकबऱ्याशेजारची मशीद आवारातली सगळ्यांत मोठी. यांच्याखेरीज दोन हकीम आहेत, तारामती आणि प्रेमामती या कलावंतिणी आहेत, सरदार आहेत. राजघराण्याच्या स्मशानात वैद्यांना आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांना जागा मिळावी, ही गोष्ट मला त्या घुमटांच्या उंचीहून मोठी वाटते.

आठ सुलतानांपैकी सात इथे आहेत. आठवा नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

आता खर्चाची सोय. १६६६-६७ च्या सुमारास थेव्हनो नावाचा एक फ्रेंच प्रवासी गोवळकोंड्याला आला होता. त्याने या मकबऱ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. कबरींवर उंची वस्त्रे, खाली गालिचे, दिव्यांच्या समया. आणि रोज तिसऱ्या प्रहरी दारात येणाऱ्या गोरगरिबांना भाकर आणि पुलाव. म्हणजे मकबरा ही बांधून सोडून दिलेली इमारत नव्हती. ती चालती संस्था होती. दिवाबत्ती करणारे, कुराण वाचणारे, माळी, आचारी असे सगळे त्यावर पोसले जात होते. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन लावून देतात, तसाच हा व्यवहार. इमारत टिकते ती दगडामुळे, पण दगडाला रोज कोणीतरी हात लावावा लागतो, गळणारे छप्पर पावसाआधी पाहावे लागते, घुमटावर उगवलेला पिंपळ हातभर असतानाच उपटावा लागतो. पुलाव शिजत होता तोवर पिंपळ उपटला जात होता.

१६८७ मध्ये ते थांबले. औरंगजेबाने फेब्रुवारीत गोवळकोंड्याला वेढा घातला आणि आठ महिन्यांनी, सप्टेंबरात, आतल्या माणसाने दार उघडल्यामुळे किल्ला पडला. वेढ्याच्या काळात मोगल फौजेचा तळ या मकबऱ्यांतच होता. राज्य गेले तशी दिवाबत्तीची सोयही गेली. पुढची दीडेकशे वर्षे या इमारतींना वाली नव्हता. गालिचे गेले, फरशा गेल्या, विहिरी बुजल्या. एकोणिसाव्या शतकात निजामाचे दिवाण, पहिले सालारजंग, यांनी लक्ष घातले. १८५३ पासून १८८३ पर्यंत ते दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत मकबऱ्यांची दुरुस्ती झाली, बाग लावली गेली, भोवती भिंत आली. एका माणसाच्या आवडीने झालेले काम ते. तो माणूस गेल्यावर पुन्हा हळूहळू सगळे जुन्या वाटेला लागले.

निजाम संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. आपल्याला याझदानी अजिंठ्यामुळे ठाऊक आहेत, कारण अजिंठा-वेरूळ तेव्हा याच संस्थानात होते. अजिंठ्याची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. १९२० ते १९२२ या काळात भिंतीवरची चित्रे वाचवण्यासाठी खास इटलीहून कारागीर आणले. त्यांनी सुटू लागलेले रंगाचे पोपडे बसवले आणि वर लाखेचा मुलामा दिला. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे काम उत्तम झाले. पण काही वर्षांनी तो मुलामा पिवळा पडू लागला, चित्रे झाकोळली आणि पुढच्या पिढ्यांना तो मुलामाच काढत बसावे लागले. वाईट हेतूने बिघडलेल्या वास्तू थोड्या. चांगल्या हेतूने दुरुस्त करून बिघडलेल्या पुष्कळ.

मकबऱ्यांचे तेच झाले. इथे लाखेऐवजी सिमेंट आले. विसाव्या शतकात जिथे गळती दिसेल तिथे सिमेंटचा थर देणे हीच डागडुजी समजली गेली. ती झटपट होते, बिलात नीट मांडता येते आणि दिसायला पक्की दिसते. आपल्या वाड्यांच्या, देवळांच्या जीर्णोद्धारातही हेच चालते, त्यामुळे इथल्या अधिकाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आत काय होते ते समजून घेतले पाहिजे. गोवळकोंड्याचे घुमट दगड आणि चुन्याचे. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसात ओल पिते आणि उन्हात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा पातळसा जरी थर दिला तरी ओल आत कोंडते. ओलीबरोबर क्षार येतात, ते गिलाव्याच्या मागे साठून फुगतात आणि आतला मूळ चुना पिठासारखा सुटतो. वरून भिंत ठणठणीत, आतून भुसा. शिवाय दर काही वर्षांनी नवा थर जुन्यावर चढतो आणि घुमटाच्या डोक्यावरचे ओझे वाढत जाते. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून असे थर काढले तेव्हा निघालेले काँक्रीट दहा लाख किलोंच्या वर भरले. म्हणजे हजार टन! एवढे ओझे त्या बिचाऱ्या इमारतीने उगाचच वाहिले.

हुमायूनच्या मकबऱ्याचा उल्लेख नुसता दाखल्यापुरता नाही. तिथे ज्यांनी काम केले त्याच आगाखान सांस्कृतिक न्यासाने गोवळकोंड्याचे काम हाती घेतले. दिल्लीत १९९७ च्या सुमारास बागेपासून सुरुवात झाली, पुढे मुख्य इमारतीचे काम झाले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये ते पुरे झाले. त्यात टाटांच्या न्यासाचाही वाटा होता. आगाखान हे नाव मराठी माणसाला परके नाही. १९४२ ते १९४४ गांधीजींना जिथे स्थानबद्ध केले आणि कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई जिथे गेले, तो पुण्याचा आगाखान पॅलेस याच घराण्याने बांधलेला. १८९२ मध्ये दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे म्हणून तो बांधला असे सांगतात. १९६९ मध्ये त्यांनी तो देशाला देऊन टाकला. या घराण्यातल्या पहिल्या आगाखानांचा मकबरा मुंबईत माझगावला आहे, हसनाबाद म्हणून. तेव्हा मकबऱ्यांची निगा म्हणजे काय, हे त्यांना घरचेच ठाऊक.

२०१३ मध्ये राज्याचे पुरातत्त्व खाते, कुली कुतुबशाह नगरविकास प्राधिकरण आणि हा न्यास यांच्यात करार झाला. एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चारमिनार आणि गोवळकोंड्याचा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत, मकबरे मात्र राज्याच्या खात्याकडे. राज्याच्या खात्यांची तिजोरी सगळीकडे सारखीच असते, आपल्या मंडळाच्या तिजोरीसारखी. शंभर वास्तू, १०६ एकर आणि खात्याच्या हातात वर्षाकाठी चार भिंतींना पुरेल एवढी रक्कम. म्हणून बाहेरून पैसा उभारणे भाग होते.

तो कसा उभा राहिला, ते पाहण्यासारखे आहे. एका धनिकाने सगळे देऊन टाकले असे झाले नाही. काम शंभर वास्तूंचे, म्हणून दाते वाटून घेता आले. एकाने एक मकबरा घ्यावा, दुसऱ्याने विहीर, तिसऱ्याने बाग. न्यासाचा स्वतःचा पैसा होता, टाटांच्या न्यासांचा होता. अमेरिकी सरकारचा परदेशातल्या वारसावास्तूंसाठी एक निधी आहे, २००१ पासून चालणारा. त्यातून तारामती आणि प्रेमामती यांच्या मकबऱ्यांसाठी सुमारे एक लाख डॉलर आले. या दोघी जिवंतपणी सुलतानाच्या दरबारात नाचल्या आणि साडेतीनशे वर्षांनी त्यांच्या कबरींचा चुना वॉशिंग्टनच्या पैशातून मळला गेला! केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत या आवाराबरोबर पायगा मकबरे, हयात बक्षी मशीद आणि रेमंडची कबर यांचा समावेश झाला, तो सोयीसुविधांसाठी. खासगी कंपन्यांचेही हात लागले.

कंपन्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले. त्या कामांच्या यादीत शाळा, दवाखाने, पाणी यांबरोबर ऐतिहासिक वास्तूंची पुनर्स्थापनाही आहे. त्याआधी, १९९६ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय संस्कृती निधी काढला. त्यात कोणीही, अगदी आपले मंडळसुद्धा, एखाद्या ठरावीक वास्तूसाठी म्हणून देणगी देऊ शकते आणि तिला करात सवलत मिळते. हे मुद्दाम लिहिले, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मुलांच्या कंपन्या हायटेक सिटीत आहेत आणि मार्च महिन्यात हे २ टक्के कुठे घालावेत याची धावपळ त्यांच्याकडे चालते.

वर्गणीचा एक जुना दोष इथेही आडवा येऊ शकतो. जो पैसे देतो त्याला नाव दिसायला हवे असते. महंमद कुलीच्या उंच मकबऱ्यासाठी दाता मिळणे सोपे; कोपऱ्यातल्या बिननावाच्या मशिदीसाठी, पाण्याच्या पाटासाठी, शौचालयासाठी कोण देणार? आपल्याकडे मूर्तीला आणि आरासाला प्रायोजक लगेच मिळतात, निर्माल्य उचलणाऱ्या गाडीचे भाडे मात्र शेवटी खजिनदाराच्या खिशातून जाते. मकबऱ्यांच्या कामात ही अडचण कशी टळली? आवार एक धरून सगळ्याचा एकच आराखडा आधी तयार केला गेला. दाता आला तर त्याला त्या आराखड्यातला तुकडा मिळे. त्याच्या मनातले वेगळे काही नाही. मोजमापे आधी, पैसे नंतर. प्रत्येक इमारतीचे लेझरच्या यंत्राने मोजमाप केले गेले, प्रत्येक भेग नकाशावर आली आणि मगच छिन्नीला हात लागला.

छिन्नीच. यंत्र नव्हे. सिमेंट हाताने, तळहाताएवढे तुकडे करत काढायचे, कारण खाली सोळाव्या-सतराव्या शतकातले चुन्याचे नक्षीकाम असू शकते. आणि ते होतेच. सिमेंटच्या आणि सफेदीच्या थरांखाली फुले, वेली, जाळ्यांची कोरीव पट्टी निघत गेली. जिथे मूळ शिल्लक होते तिथे त्याला हात लावला नाही. जिथे पार गेले होते तिथे शेजारच्या मूळ नमुन्यावरून नवे भरले.

नवे म्हणजे चुन्यातच. आपल्यापैकी जे गड चढतात त्यांनी चुन्याची घाणी पाहिली असेल: गोल चर, त्यात दगडी चाक. तीच रीत. चुनकळी पाण्यात भिजवायची, खड्ड्यात मुरत ठेवायची, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळून दळायची. त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, डिंक असे जिन्नस पडतात. कशाने चिकटपणा येतो, कशाने पाणी अडते, कशाने मिश्रण हळू सुकते. घाई केली तर तडे जातात. वरचा गुळगुळीत थर घोटून घोटून असा करायचा की हात फिरवला तर संगमरवराचा भास व्हावा. सिमेंट रातोरात घट्ट होते. चुना हवेतला वायू पिऊन महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. ठेकेदारीच्या बिलात हा धीर बसत नाही. म्हणूनच हे काम अकरा वर्षे चालले, आणि ते चालू शकले याचे कारण दात्यांची संख्या मोठी होती. एकाच सरकारी अनुदानाच्या आर्थिक वर्षात ते कोंबायचे नव्हते.

या कामाला गवंडी कुठून मिळाले? चुन्याचे काम जाणणारी घराणी सगळीकडे विरळ होत चालली आहेत. सिमेंट आल्यावर त्यांची मागणी गेली आणि पोरे दुसऱ्या धंद्याला लागली. इथे वर्षानुवर्षे एकाच जागी काम मिळाल्यामुळे जुन्या मिस्त्र्यांच्या हाताखाली नवे शिकले. पाथरवट, गिलावा करणारे, माळी असे कितीतरी. मकबरा वाचला याहूनही, तो पुन्हा बिघडला तर नीट करू शकणारे हात तयार झाले, हा फायदा मोठा म्हणायला हवा. मजुरीवर झालेला खर्च हा खर्च नसून शिल्लक आहे, असे माझे मत.

कामाची सुरुवातच अपघाताने झाली म्हणायला हरकत नाही. २०१३ च्या पावसाळ्यात आवारातल्या बडी बावली या पायऱ्यांच्या मोठ्या विहिरीची भिंत कोसळली. आता विहिरीला कोणी दाता मिळेल का, असा प्रश्न होता. तिथे ना कोणी राजा पुरलेला, ना घुमट. पण बागेला पाणी तिथूनच मिळायचे आणि बागेशिवाय मकबरा म्हणजे नुसता दगड. गाळ काढला, पडलेले दगड निवडले, शक्य तितके परत जागेवर चढवले. विहिरीत पुन्हा पावसाचे पाणी साठू लागले आणि तेच बागेला जाऊ लागले. पुढे बाकीच्या विहिरींचेही काम झाले.

२०२२ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातल्या वारसासंवर्धनाची बक्षिसे जाहीर केली, त्यांत ‘गोवळकोंड्याच्या पायऱ्यांच्या विहिरी’ या कामाला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. त्या वर्षीची यादी आपल्या दृष्टीने मोठी गमतीची आहे. सर्वोच्च पुरस्कार मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला. त्याखाली गोवळकोंड्याच्या विहिरी. आणि मग भायखळ्याचे रेल्वे स्टेशन आणि आपल्या तेलंगणातला दोमकोंड्याचा किल्ला. चारही कामे महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यातच! घुमटांच्या आधी विहिरींना बक्षीस मिळाले, हे मला फार योग्य वाटले.

२८ जुलै २०२४ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी आणि प्रिन्स रहीम आगाखान यांच्या उपस्थितीत काम पुरे झाल्याचा समारंभ झाला. आवार राज्याच्या हवाली झाले. खरा प्रश्न इथून सुरू होतो. पुलावाचे काय? म्हणजे रोजच्या खर्चाचे काय? बांधकामाला दाते मिळतात. झाडूवाल्याच्या पगाराला, गवत कापायला, पावसाआधी घुमटावर चढून पिंपळ उपटायला देणगी गोळा करणे कठीण. तिकिटाचे पैसे येतात, आणि ते तिथेच खर्च झाले तर पुष्कळ होईल. पण तिकीट काढणारे हवेत. पाहुण्यांना घेऊन बालाहिसारवरून परत फिरणारे आपणच तर गिऱ्हाईक आहोत. प्रवेशाचे पैसे हीसुद्धा वर्गणीच, आणि तिची पावतीही मिळते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, संतोषनगरजवळ, पायगा सरदारांचे मकबरे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. उंचीने लहान, पण चुन्यातले जाळीकाम असे की पाहत राहावे. निजामाच्या खालोखाल मान असलेले हे घराणे. तिथेही सिमेंट, ओल आणि वस्तीची दाटी. २०२३ मध्ये त्यातल्या सहा मकबऱ्यांसाठी अमेरिकेच्या त्याच निधीतून अडीच लाख डॉलर जाहीर झाले आणि गोवळकोंड्यावर हात बसलेले कारागीर तिकडे कामाला लागले. आधी जी शिल्लक म्हटली ती ही.

आता आठवा सुलतान. अबुल हसन, ज्याला सगळे तानाशाह म्हणतात. १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरला आले ते याच्याच भेटीला. महिनाभर मुक्काम होता. स्वारीसाठी पैसा आणि तोफखाना देण्याचे कुतुबशहाने मान्य केले आणि मादण्णा-आकण्णा या त्याच्या कारभाऱ्यांशी बोलणी झाली. दहा वर्षांनी त्याचे राज्य बुडाले. मकबऱ्यांच्या आवारात एक अर्धवट राहिलेली इमारत आहे, तिच्यावर घुमट चढलाच नाही. ती अबुल हसनसाठी सुरू केली होती असे मानतात. आज तिथे दुसराच माणूस पुरलेला आहे, आधीच्या सुलतानाचा जावई मिर्झा निजामुद्दीन अहमद. संवर्धन करणाऱ्यांनी तिला घुमट बसवला नाही, आणि बसवू नये हेच बरोबर. जे कधी झालेच नव्हते ते ‘पूर्ववत’ कसे करणार?

अबुल हसनला औरंगजेबाने देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यात ठेवले. बारा वर्षे तो तिथे कैदेत होता आणि तिथेच १६९९ च्या सुमारास वारला. त्याला जवळच खुलदाबादला पुरले. त्याच गावात आठ वर्षांनी, १७०७ मध्ये, त्याला कैद करणारा औरंगजेब पुरला गेला. पुढे हैदराबादचा पहिला निजाम, आसफजाह, तोही तिथेच. अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर तर या सगळ्यांच्या आधीपासून होता. राज्य बुडालेला, बुडवणारा, त्या राज्याच्या जागी नवे राज्य उभारणारा आणि साऱ्या मोगलांना दमवणारा, असे चौघे एकाच लहानशा गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

सुट्टीत वेरूळला जाणारे आपले लोक त्याच रस्त्याने पुढे जातात. दौलताबादहून घाट चढला की खुलदाबाद लागते आणि तिथून वेरूळ चार-पाच किलोमीटर. तानाशाहची कबर साधी आहे, वर घुमट नाही, भोवती बाग नाही. इब्राहिमबागेत त्याच्या आधीच्या सात सुलतानांवर अकरा वर्षे चुना घोटला जात होता, तेव्हाही ती तशीच होती.